कालवा घरामागचा, गाळ कोणाचा?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या नैऋत्य किनाऱ्यावर केप कोरल आणि पुंटा गोर्डा ही दोन शहरे आहेत. तेथे घराच्या पुढच्या दारी रस्ता असतो आणि मागच्या दारी पाणी. परसात लाकडी धक्का, धक्क्याला बांधलेली बोट आणि त्या बोटीने कालव्याकालव्यांतून थेट समुद्रात, अशी तेथील राहणी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन आणि त्यानंतर २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात हेलेन व मिल्टन ही चक्रीवादळे या किनाऱ्याने सोसली, आणि घरामागच्या कालव्यांत साचलेला गाळ हा स्थानिक सभांमधला जुनाच विषय पुन्हा वर आला. ओहोटीला बोटीचा तळ चिखलाला टेकतो, समुद्रावर जायचे तर भरतीची वेळ पाहावी लागते, आणि परतताना उशीर झाला तर कालव्याच्या तोंडाशीच थांबून राहावे लागते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील मच्छीमारांना ही अवस्था नवी नाही. फरक इतकाच की मिरकरवाड्यात पोटाचा प्रश्न असतो आणि फ्लोरिडात बहुतेकांच्या सुट्टीचा.

फ्लोरिडात स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही साहजिकच प्रश्न पडतो, की एक तराफा आणि एक पोकलेन आणून गाळ काढायला नगरपालिकेला वर्षानुवर्षे बैठका कशाला लागतात? गाळ काढणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे, हे त्याचे उत्तर. किती खोल काढायचा, काढलेला ठेवायचा कुठे आणि पैसे कोणी द्यायचे, हे तिन्ही प्रश्न पाण्याबाहेरचे आहेत, आणि काम अडते ते तेथे.

हे कालवे आले कुठून?

‘कालवा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धरणापासून शेतापर्यंत वाहणारा पाट येतो. फ्लोरिडातील हे निवासी कालवे तसे नाहीत. १९५० आणि १९६० च्या दशकांत जमीन विकसित करणाऱ्या कंपन्यांनी किनाऱ्यालगतच्या सखल, दलदलीच्या आणि खारफुटीच्या जमिनीत लांबच लांब चर खणले आणि त्यातून निघालेली माती दोन्ही बाजूंना टाकून घरांसाठी उंचवटे तयार केले. चौथरा भरण्यासाठी आवारातच खड्डा खणावा आणि मग त्या खड्ड्यालाच तळे म्हणून विकावे, असा हा दुहेरी फायद्याचा व्यवहार होता. केप कोरल हे शहर रोझेन बंधूंनी १९५७ मध्ये याच पद्धतीने वसवायला घेतले. आज तेथे गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे मिळून ४०० मैलांहून, म्हणजे सुमारे ६४० किलोमीटरहून, अधिक लांबीचे कालवे आहेत. पुंटा गोर्डा आयल्स ही वसाहतही त्याच सुमारास, त्याच रीतीने उभी राहिली.

पाणी कसे खेळेल याचा विचार करून यातील फार थोडे कालवे आखले गेले. भरावासाठी किती माती हवी आणि पाण्याला लागून किती भूखंड विकता येतील, यावर त्यांची खोली आणि आकार ठरला. हाताची बोटे पसरावीत तसे ते मुख्य प्रवाहातून आत शिरतात आणि पुढे बंद होतात. आजचा गाळाचा प्रश्न त्या आखणीच्या वेळीच पेरला गेला होता, असे मला वाटते.

गाळ साचतो तो कसा?

या कालव्यांत दोन प्रकारचा गाळ असतो आणि दोन्हींचे कूळ वेगळे. कालव्याच्या तोंडाशी साचते ती वाळू, जी लाटा, प्रवाह आणि वादळे बाहेरून आणून टाकतात. कालव्याच्या बंद टोकाला साचतो तो काळा, मऊ, दुर्गंधीयुक्त चिखल. तो वस्तीतूनच येतो. पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यांवरची माती, हिरवळीचे कापलेले गवत आणि झाडांचा पालापाचोळा गटारांवाटे कालव्यात उतरतो. गल्लीच्या बंद टोकाला वाऱ्याने आलेला कचरा जसा अडकून राहतो, तसाच हा चिखल तेथून हलत नाही. बाहेर ओढून नेण्याइतका जोर भरती-ओहोटीत असावा लागतो, पण मेक्सिकोच्या आखाताच्या या बाजूला भरती आणि ओहोटी यांतील फरक जेमतेम दोन-तीन फुटांचा असतो.

त्यात खाऱ्या पाण्याची एक करामत आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. गोड्या पाण्याबरोबर आलेली बारीक चिकणमाती खाऱ्या पाण्यात मिसळली की काहीसे तसेच घडते. जी माती एरवी वाहत दूर गेली असती, ती घरामागेच खाली बसते.

तिसरा मार्ग भिंतींचा आहे. कालव्याच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या उभ्या पट्ट्यांची भिंत असते. तिला तेथे ‘सीवॉल’ म्हणतात. तिच्या सांध्यांतून मागची माती वर्षानुवर्षे झिरपत राहते. वादळात तर याहून विचित्र प्रकार घडतो. सप्टेंबर २०१७ मधील इर्मा वादळाच्या वेळी वाऱ्याने शार्लट हार्बर या खाडीतले पाणी बाहेर खेचून नेले आणि पुंटा गोर्डाचे कालवे रिकामे पडले. एरवी भिंतीला समोरून पाण्याचा आधार असतो. तो गेला, मागची जमीन मात्र पावसाने भिजून जड झाली होती, आणि अनेक ठिकाणी भिंती कालव्याच्या बाजूला कलल्या किंवा कोसळल्या. अशी भिंत पडली की तिच्यामागची हिरवळही पाण्यात जाते.

खोली मोजायची कशी आणि किती ठेवायची?

‘पाच फूट पाणी आहे’ या वाक्याला भरतीची वेळ सांगितल्याशिवाय अर्थ नाही. म्हणून सर्व मोजमापे सरासरी ओहोटीच्या पातळीपासून खाली केली जातात. अनेक वर्षांच्या ओहोट्यांची सरासरी काढून ठरवलेली ही एक काल्पनिक रेघ आहे, आणि कंत्राटातील प्रत्येक आकडा तिच्याशी बांधलेला असतो.

तळाचा ठाव घेण्यासाठी बोटीवरून ध्वनिलहरी सोडतात आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. येथे एक गंमत आहे, जी पुढे भांडणाचे कारण होऊ शकते. ताक बराच वेळ ठेवले की वर निवळी राहते, खाली दाट थर बसतो, आणि निवळी नेमकी कुठे संपली हे सांगणे कठीण होते. कालव्यातील चिखलाचेही तसेच असते. उच्च कंपनसंख्येचा ध्वनी वरच्या पातळ चिखलावरूनच परततो, तर कमी कंपनसंख्येचा ध्वनी त्यातून आरपार जाऊन खालच्या घट्ट थरावरून परततो. एकाच जागेच्या या दोन ‘खोल्यां’मध्ये लक्षणीय अंतर पडू शकते. त्यामुळे कोणत्या पद्धतीने मोजायचे, हे निविदेतच लिहून ठेवणे शहाणपणाचे असते.

किती खोल करायचे, हे मात्र रहिवाशांच्या इच्छेवर सोडलेले नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात जुन्या मानवनिर्मित कालव्यांच्या देखभालीसाठी सवलत आहे, पण कालवा मूळ आराखड्यात जितका होता तितकाच पूर्ववत करता येतो, त्याहून खोल किंवा रुंद नाही. मूळ आराखडा सापडत नसेल, तर सरासरी ओहोटीच्या पातळीखाली ५ फूट ही मर्यादा लागू होते. तो आराखडा म्हणजे त्या कालव्याचा सातबाराच समजावा. ज्या कंपनीने साठ वर्षांपूर्वी कालवा खणला तिचे नकाशे शोधण्यात नगरपालिकेचे अभियंते वेळ का घालवतात, याचा उलगडा यातून होतो.

‘आता यंत्र आणलेच आहे, तर दोन फूट जास्त काढा’ ही मागणी नेहमीची आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ती घातक आहे. बाहेरच्या खाडीपेक्षा खोल असलेल्या कालव्याच्या तळाचे पाणी भरती-ओहोटीत बदलत नाही, त्यातील प्राणवायू संपतो आणि तेथे मासे जगत नाहीत. शिवाय असा खड्डा गाळ धरण्याचे कामही अधिक चोख करतो.

गाळ काढण्याच्या दोन तऱ्हा

पहिली तऱ्हा यांत्रिक. तराफ्यावर पोकलेन बसवायचा, बादलीने चिखल उचलायचा आणि दुसऱ्या तराफ्यावर भरून किनाऱ्याला न्यायचा. दुसरी तऱ्हा पंपाची. फिरत्या पात्यांनी तळ खरवडायचा आणि चिखल पाण्यासह नळातून ओढून दूर ढकलायचा. पंपाने काम सलग होते, पण त्यातून येणाऱ्या मिश्रणात घन भाग बहुधा दहा ते वीस टक्केच असतो आणि बाकी सगळे पाणी. ते पाणी वेगळे करायला मोठी जागा लागते. ठेंगण्या पुलांपलीकडे, अरुंद वळणांवर कोणते यंत्र पोहोचते यावरच पुष्कळदा निवड ठरते.

काढलेला गाळ ठेवायचा कुठे?

थोडे गणित करून पाहू. एक किलोमीटर लांबीच्या कालव्याच्या मध्यभागी १५ मीटर रुंदीच्या पट्ट्यातून केवळ अर्धा मीटर गाळ काढला, तरी ७,५०० घनमीटर होतो. एका डंपरात दहा घनमीटर धरले तर ७५० खेपा झाल्या, आणि त्याही शांत निवासी गल्ल्यांतून, गळक्या चिखलाच्या, सडक्या अंड्यांसारख्या वासाच्या. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. प्राणवायूविना कुजणाऱ्या चिखलात तो तयार होतो.

म्हणून गाळ आधी सुकवावा लागतो. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात, पाणी निथळते आणि चक्का आत राहतो. त्याच तत्त्वावर विणलेल्या मजबूत कापडाच्या अजस्र नळ्यांत चिखल भरतात. आधी त्यात कण एकत्र आणणारे रसायन मिसळतात, मग कापडातून पाणी झिरपते आणि घट्ट गाळ उरतो. पण हे टांगणार कुठे? येथे त्या जुन्या विकसकांचा हिशोब आडवा येतो, कारण त्यांनी पाण्यालगतचा जवळजवळ प्रत्येक तुकडा भूखंड म्हणून विकला. गाळ उतरवायला कालव्याकाठी मोकळी सार्वजनिक जागा मिळणे हीच अनेक प्रकल्पांची पहिली अडचण असते, आणि ज्यांच्या घराशेजारी ती जागा निवडली जाते त्यांचा विरोध ही दुसरी.

यावर महाराष्ट्रातील वाचक विचारेल, की शेतात का टाकत नाहीत? आपल्याकडे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणांतील गाळ शेतकरी स्वतः नेतात आणि पिकाला तो मानवतो. पण तो गोड्या पाण्याचा गाळ असतो. खाऱ्या कालव्याच्या चिखलात मीठ असते, आणि ते पावसाने धुऊन जाईपर्यंत त्या मातीत फारसे काही उगवत नाही. त्याखेरीज बोटींच्या तळाला शेवाळ व शंख-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेल्या रंगातील तांबे आणि धक्क्यांच्या रसायन मुरवलेल्या जुन्या लाकडातील आर्सेनिक तळाच्या चिखलात उतरलेले असू शकते. घरांच्या आवारातील मातीसाठी फ्लोरिडाची आर्सेनिकची निर्धारित पातळी किलोला २.१ मिलिग्रॅम आहे, तर व्यापारी व औद्योगिक जागेसाठी १२. चाचणीत आकडा या दोहोंच्या मध्ये आला की तो गाळ बागेत किंवा उद्यानात वापरता येत नाही आणि विल्हेवाटीचा खर्च वाढतो. त्यामुळे कालव्यातले नमुने यंत्र आणण्यापूर्वीच तपासून घ्यावे लागतात.

कालवा माणसाने खणला, मग परवानग्या कशाला?

कालवा मानवनिर्मित असला तरी त्यातले पाणी खाडीचे आहे. अमेरिकी लष्कराचा अभियांत्रिकी विभाग १८९९ च्या नद्या व बंदरे कायद्याने नौकानयनयोग्य पाण्यातील खोदकामावर आणि १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने त्या पाण्यात माती टाकण्यावर नियंत्रण ठेवतो. राज्याची सवलत मिळाली म्हणून संघीय परवानगीतून सुटका होत नाही, आणि हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. ठरावीक अटींत बसणाऱ्या देखभालीच्या कामांना मात्र तेथेही सोप्या सर्वसाधारण परवानगीचा मार्ग आहे.

या अटी नुसत्या कागदोपत्री नाहीत. उडालेला चिखल समुद्री गवतावर बसला की त्याला सूर्यप्रकाश मिळत नाही, आणि ते गवत मेले की माशांची पाळणाघरे जातात. त्यामुळे काम चालू असताना पाण्याचा गढूळपणा सतत मोजतात. राज्याच्या नियमानुसार तो आजूबाजूच्या नैसर्गिक पातळीपेक्षा २९ एककांहून अधिक वाढता कामा नये, आणि विशेष संरक्षित पाण्यात तर तो मुळीच वाढू द्यायचा नसतो. त्यासाठी यंत्राभोवती पाण्यात कापडी पडदे सोडतात. मॅनाटी नावाचा मोठा, संथ, शाकाहारी सागरी सस्तन प्राणी या कालव्यांत उबेला येतो. तो यंत्रापासून ५० फुटांच्या आत आला की काम थांबवायचे, अशी अट असते. कंत्राटदाराच्या दृष्टीने हा खोळंबा आहे, पण बोटीच्या पंख्याचे व्रण पाठीवर घेऊन फिरणाऱ्या या प्राण्याने इतकी सवलत मागितली तर ती फार नाही.

पैसे कोणी द्यायचे?

गाळउपशासाठी फ्लोरिडातील स्थानिक संस्था पुष्कळदा सर्वसाधारण कर वापरत नाहीत. ज्यांना लाभ होतो त्या मालमत्तांचा एक विभाग आखून त्यांच्यावर वेगळी आकारणी बसवतात. पुंटा गोर्डामध्ये पुंटा गोर्डा आयल्स आणि बर्न्ट स्टोअर आयल्स या वसाहतींसाठी असे कालवा-देखभाल विभाग आहेत. अशी आकारणी वैध ठरण्यासाठी तेथील न्यायालये दोन कसोट्या लावतात. संबंधित मालमत्तेला खास लाभ झाला पाहिजे आणि खर्चाची वाटणी न्याय्य असली पाहिजे.

पहिली हरकत ठरलेली असते, की माझ्याकडे बोटच नाही, मी का भरू? आपल्या गृहनिर्माण संस्थांत तळमजल्यावरचा सभासद लिफ्टच्या देखभालीबद्दल हेच म्हणतो, आणि आदर्श उपविधींचे उत्तर असे आहे की ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्वांनी, वापर असो वा नसो, सारखा भाग द्यायचा. कालव्याच्या बाबतीत या उत्तराला आणखी एक आधार आहे. बोट नसली तरी घर विकताना ‘समुद्रापर्यंत बोटीने जाता येते’ ही किंमत वसूल होतेच, आणि पावसाचे पाणी वाहून नेण्याचे कामही तोच कालवा करतो.

दुसरी हरकत मला अधिक वजनदार वाटते. बंद टोकाशी राहणाऱ्याला संपूर्ण कालवा वापरावा लागतो आणि गाळही त्याच्याचकडे जास्त साचतो, तर तोंडाशी राहणाऱ्याला दोनशे फूट पाणी पुरते. मग दोघांना सारखी रक्कम का? काठाच्या लांबीनुसार वाटणी केली, तर मोठ्या भूखंडाचा मालक विचारतो की मी काय दोन बोटी चालवतो? निर्दोष सूत्र मी तरी पाहिलेले नाही. सारखी रक्कम समजायला आणि वसूल करायला सोपी असते, हेच तिचे खरे बलस्थान.

माझ्या धक्क्याखालचा गाळ का नाही काढत?

बिल भरूनही यंत्र कालव्याच्या मध्यातूनच निघून जाते आणि धक्क्यापाशी चिखल तसाच राहतो, ही सर्वांत कडवट तक्रार असते. जुन्या घराच्या जोत्यालगत कोणी खड्डा खणला तर आपण त्याला थांबवतो, कारण पाया उघडा पडतो. सीवॉलचेही तसेच आहे. तिचा खालचा भाग तळातील मातीत रोवलेला असतो आणि समोरची तीच माती तिला पुढे सरकू देत नाही. ती काढली तर भिंत पायातून निसटते. म्हणून भिंतीपासून अंतर राखून खणतात आणि कडेला उतार ठेवतात. भिंत कोणाची, यावरही बरेच अवलंबून असते. केप कोरलमध्ये ती घरमालकाची जबाबदारी आहे, तर पुंटा गोर्डामध्ये या विभागांतील भिंतींची देखभाल नगरपालिका करते. त्यामुळे शेजारच्या शहरातील आकारणीशी आपली तुलना करण्याआधी तिच्यात काय काय धरले आहे, ते पाहावे.

किती गाळ निघाला, हे कोणी सांगायचे?

पाण्याखालचे काम डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बिल मोजमापावरच चालते. मुंबईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण मिठी नदीच्या गाळउपशातील कथित गैरव्यवहाराबद्दल २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला आहे. डंपरच्या खेपा मोजून पैसे दिले की पाणी, दगड आणि कधी कधी निव्वळ कागद यांचेही पैसे जातात. कामापूर्वी आणि कामानंतर तळाचे सर्वेक्षण करून दोन नकाशांतील फरकावर बिल काढणे ही अधिक खात्रीची पद्धत आहे. यंत्र चमच्याइतके नेमके नसते, म्हणून ठरलेल्या खोलीखाली आणखी साधारण एक फुटापर्यंतचे पैसे मान्य करतात. त्यापलीकडे खणले तर तो खर्च कंत्राटदाराचा.

या सर्वेक्षणाचा आणखी एक उपयोग वादळानंतर होतो. आपल्याकडे फेमा म्हटले की परकीय चलनाचा कायदा आठवतो. अमेरिकेत फेमा ही संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे, आणि वादळाने आणून टाकलेला गाळ काढण्यासाठी ती स्थानिक संस्थांना मदत देऊ शकते. ती मदत वादळाने टाकलेल्या गाळापुरतीच असते, आधीच्या वर्षांत साचलेल्यासाठी नाही. कालव्याची देखभाल नियमित होत होती आणि वादळापूर्वी तळ अमुक पातळीवर होता, हे दाखवणे नगरपालिकेवर असते. ज्या शहराकडे अलीकडचे सर्वेक्षण नाही, त्याच्या कालव्यात कितीही वाळू येऊन पडली तरी तिच्यातली नवी किती आणि जुनी किती, हे त्याला सिद्ध करता येत नाही. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, त्यामुळे कालव्यांत ध्वनियंत्र लावलेली सर्वेक्षणाची बोट फिरवायची ती मे महिना संपण्याच्या आत.